हॉकी खेळलेल्या मुलाला कॉमेंट्रीत जायचं असेल तर आधी खुर्ची कोणती ते ठरवा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगा १८ वर्षांचा आहे, ब्रॅम्प्टनला ज्युनिअर 'ए' स्तरावर बचावफळीत आइस हॉकी खेळतो. व्यावसायिक हॉकीची फार आशा धरू नका, असं प्रशिक्षकांनी स्पष्ट सांगितलं आहे. त्याला खेळाच्या जवळ राहायचंय, टीव्हीवर कॉमेंट्री करायची आहे. मग खेळ आत्ताच सोडून प्रक्षेपणाचं शिक्षण घ्यावं, की 'टीव्हीवर तर सगळे माजी खेळाडूच दिसतात' म्हणून जमेल तितकी वर्षं खेळत राहावं? आणि शेवटच्या ओळीत तुम्ही विचारलंय, आपल्यासारख्या नावाच्या मुलाला तिथे कोण उभं करणार?

मी मूळची सांगलीची. गेली बरीच वर्षं टोरंटोत हॉकीच्या थेट प्रक्षेपणात निर्मितीच्या बाजूला काम करते. सामना चालू असताना रिंकबाहेर उभ्या असलेल्या ट्रकमध्ये बसून कॉमेंट्री करणाऱ्यांच्या कानात बोलणं, कोणता रीप्ले कधी दाखवायचा हे ठरवणं, हे माझं काम. त्यामुळे खेळाडूंचे कॉमेंटेटर होताना मी जवळून पाहिले आहेत. काही फार चांगले झाले, काही एका मोसमात दिसेनासे झाले.

माझ्या मते तुमचा प्रश्न 'खेळ की शिक्षण' हा नाहीच. कॉमेंट्रीच्या केबिनमध्ये दोन खुर्च्या असतात आणि त्या दोन वेगळ्या धंद्यांच्या आहेत. मुलाला त्यातली कोणती हवी आहे, हे अजून कुणी त्याला विचारलेलं दिसत नाही.

पहिली खुर्ची प्ले-बाय-प्लेची. पक (खेळायची रबरी चकती) कुणाकडे आहे, कुणी पास दिला, कुणी अडवला, गोल कुणाचा, हे सगळं घडतं त्याच क्षणी आवाजात उतरवणारा माणूस. दुसरी विश्लेषकाची. इकडे तिला 'कलर' म्हणतात. शिट्टी वाजली, खेळ थांबला की 'हे का झालं' ते सांगणारा. तुम्ही म्हणता ते माजी खेळाडू जवळजवळ सगळे या दुसऱ्या खुर्चीत असतात. पहिल्या खुर्चीत ते अगदी क्वचित दिसतात, आणि त्याचं कारण साधं आहे. प्ले-बाय-प्ले ही तोंडाला, श्वासाला आणि डोळ्याला लागणारी सवय आहे. दोन्ही संघांचे मिळून ४० खेळाडू, पाऊण-एक मिनिटाला बदलणाऱ्या जोड्या, हेल्मेटमुळे न दिसणारे चेहरे. केवळ स्केटिंगच्या ढबीवरून नाव ओठांवर यावं लागतं. ही सवय विशीत, छोट्या गावांतल्या रिंकवर, कुणी ऐकत नसताना लागते. खेळाडू त्या वयात खेळत असतो. तो चौतिसाव्या वर्षी निवृत्त होतो तेव्हा पुन्हा तळापासून सुरुवात करायला वेळ नसतो. विश्लेषणासाठी लागणारं भांडवल मात्र त्याच्याकडे खेळतानाच जमलेलं असतं.

आपल्याकडच्या क्रिकेटमधून पाहा. हर्षा भोगले उस्मानिया विद्यापीठाकडून रोहिंटन बारिया स्पर्धेत खेळले, त्यापुढे खेळले नाहीत. त्यांनी सूत्रधाराची खुर्ची घेतली. संजय मांजरेकर ३७ कसोट्या खेळून आले आणि विश्लेषकाच्या खुर्चीत बसले. दोघे एकाच केबिनमध्ये बसतात म्हणून दोघांची वाट एक ठरत नाही.

आता खेळाडूच्या वाटेबद्दल सविस्तर सांगते, कारण मुलाने ती वाट नीट समजून घेतली तरच आपली वाट निवडणं त्याला सोपं जाईल. उदाहरण एडी ओल्चिकचं घेते. अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवर हॉकीचा विश्लेषक म्हणून इतकी वर्षं ऐकला गेलेला दुसरा माणूस चटकन आठवत नाही.

ओल्चिक शिकागोचा. १९८४ मध्ये सारायेव्होच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून खेळला तेव्हा १७ वर्षांचा होता. त्याच वर्षी शिकागो ब्लॅकहॉक्सने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएचएल या व्यावसायिक लीगमधल्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. घरच्याच शहराचा संघ. पुढे टोरंटोला गेला, तिथे १९८७-८८ च्या मोसमात ४२ गोल केले. मग विनिपेग, न्यूयॉर्क रेंजर्स, लॉस एंजेलिस, पिट्सबर्ग आणि २००० साली निवृत्ती पुन्हा शिकागोत. १६ मोसम, १०३१ सामने, ३४२ गोल. उत्तम कारकीर्द, पण हॉल ऑफ फेममध्ये नेऊन बसवणारी नव्हे.

मला यातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो १९९३-९४ चा मोसम. रेंजर्सनी त्या वर्षी ५४ वर्षांनी स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकलं. ओल्चिक त्या संघात होता, पण साखळीत ३७ सामने खेळला आणि प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) फक्त एक. कपावर नाव कोरायचं तर नियमानुसार साखळीचे साधारण निम्मे सामने किंवा अंतिम फेरीतला एक सामना लागे. संघाने लीगकडे विनंती केली आणि त्याचं नाव कोरलं गेलं. बाहेरून पाहणाऱ्याला हे दुर्दैवाचं वर्ष वाटेल. पण एकेकाळी ४० गोल करणारा खेळाडू महिनोन्‌महिने सूट घालून वरच्या मजल्यावरून आपल्याच संघाचे सामने बघतो, तेव्हा तो खेळाडूच्या डोळ्यांनी बघणं सोडतो. बर्फावर असताना माणसाला आपल्या समोरचे दहा-पंधरा मीटर दिसतात. वरून पाचही जण कसे सरकतात ते दिसतं. हा माझा तर्क आहे, त्याने तसं सांगितल्याचं मी म्हणत नाही. पण राखीव बाकावर बराच काळ काढलेले लोक विश्लेषक म्हणून चांगले निघतात, हे मी कामात पुन्हा पुन्हा पाहिलंय.

गोलरक्षकांचंही तेच. जॉन डेव्हिडसन, केली ह्रूडी, ग्रेग मिलन, ब्रायन हेवर्ड, केव्हिन वीक्स, ब्रायन बूशे... एका स्थानावरून इतके जण या खुर्चीत आले हा योगायोग नाही. सगळा खेळ समोरून आपल्याकडे येताना पाहणारा संघात तोच एक असतो, आणि दोन गोलरक्षकांपैकी एकजण दर सामन्याला बाकावर बसून पाहतच असतो.

ओल्चिक निवृत्तीनंतर लगेच पिट्सबर्ग पेंग्विन्सच्या टीव्ही सामन्यांवर बोलू लागला. २००३ मध्ये त्याच संघाने त्याला थेट मुख्य प्रशिक्षक केलं. आधीचा अनुभव नव्हता, संघ कमकुवत होता. २००४-०५ चा अख्खा मोसम मालक-खेळाडूंच्या वादात रद्द झाला आणि डिसेंबर २००५ मध्ये त्याला काढलं. स्टार खेळाडू सिडनी क्रॉस्बीचा एनएचएलमधला पहिला प्रशिक्षक तोच. प्रशिक्षक म्हणून हे अपयश होतं. प्रक्षेपणाच्या दृष्टीने मात्र वेळ अचूक जुळली. वाद मिटल्यावर, २००५ च्या शरद ऋतूत लीगने नियम बदलले: दोन रेषा ओलांडून जाणारा लांब पास चालू झाला, बरोबरी फोडायला शूटआउट आलं, धरून-अडवून खेळण्यावर पंच कडक झाले. २००० साली निवृत्त झालेला माणूस एरवी जुन्याच खेळाबद्दल बोलत राहिला असता. ओल्चिक नवा खेळ शिकवायला बाकामागे उभा होता. वर्षभरात तो शिकागोच्या आणि एनबीसी या अमेरिकी वाहिनीच्या केबिनमध्ये गेला तेव्हा त्याच्याजवळची माहिती ताजी होती.

खेळाडूचं ज्ञान नासतं, हे फार लोकांच्या लक्षात येत नाही. ड्रेसिंग रूममधले ओळखीचे चेहरे पाच-सहा वर्षांत बदलतात, डावपेच त्याहून लवकर. जे टिकतात ते सामन्याच्या दिवशी सकाळच्या सरावाला हजर असतात. कोण कुणाबरोबर स्केट करतोय, पॉवर प्लेची (समोरचा खेळाडू शिक्षेने बाहेर असतानाची) जोडी बदलली का, कोण पाय आखडून चालतोय, ते पाहतात. प्रशिक्षकाशी दोन मिनिटं बोलून घेतात. संध्याकाळी हवेत जे सहज वाटतं त्यातलं बरंचसं सकाळी अकराला गोळा केलेलं असतं.

मग प्रत्यक्ष कामात होतं काय? गोल झाला. प्ले-बाय-प्लेवाला नाव घेतो आणि गप्प बसतो, प्रेक्षकांचा आवाज येऊ देतो. थोड्या सेकंदांत पहिला रीप्ले येतो. त्याच वेळी मी विश्लेषकाच्या कानात म्हणते, 'दुसरा कोन गोलामागचा, डावा बचावपटू बघ.' तो बोलत असतानाच हे ऐकतो, वाक्य न तोडता वळवतो आणि सांगतो की बचावपटूने पककडे पाहिलं, पाठीमागचा माणूस सोडला, म्हणून गोल झाला. पुन्हा फेसऑफ (पक टाकून खेळ सुरू करणं) होण्याआधी त्याचं वाक्य संपलं पाहिजे, कारण पक पडला की खेळ पहिल्या खुर्चीचा. क्रिकेटमध्ये दोन चेंडूंमध्ये एखादी आठवण सांगायला जागा असते. इथे आठ-दहा सेकंद. ज्या खेळाडूला 'काय झालं' एवढंच सांगता येतं तो टिकत नाही, कारण ते प्रेक्षकाने पाहिलेलंच असतं.

ही पद्धत आजची नाही. हॉवी मीकर टोरंटोकडून चार स्टॅन्ली कप जिंकलेला खेळाडू. पुढे 'हॉकी नाइट इन कॅनडा' या टीव्ही कार्यक्रमात तो चित्र थांबवायला लावायचा आणि पडद्यावर रेघा ओढून चूक कुठे झाली ते दाखवायचा. त्याच्या चिरक्या आवाजावर लोक हसायचे, पण एका पिढीला हॉकी बघायला त्याने शिकवलं.

अजून एक अडचण असते, तिच्याबद्दल उघडपणे कमी बोललं जातं. कालपर्यंत ज्याच्याबरोबर जेवलात, त्याची चूक आज लाखो लोकांसमोर दाखवायची. अनेक नवे माजी खेळाडू इथे अडकतात. 'दुर्दैवी उसळी' म्हणून विषय सोडून देतात. मी त्यांना इतकंच सांगते की माणसावर बोलू नका, निर्णयावर बोला. तो निर्णय का चुकला ते सांगा. खेळाडूंना त्याचा राग येत नाही. सकाळच्या सरावाला तोंड चुकवावं लागत नाही.

कारकीर्द मोठीच हवी का? नाही. डॅरेन पँग हा ५ फूट ५ इंचांचा गोलरक्षक. शिकागोकडून एनएचएलचे ८१ सामने खेळला आणि गुडघ्याच्या दुखापतीने १९९० मध्ये त्याचं खेळणं संपलं. तेव्हापासून तो प्रक्षेपणात आहे: ईएसपीएन, फिनिक्स, सेंट लुईस, पुन्हा शिकागो. ८१ सामने विरुद्ध १०३१, आणि केबिनमधलं आयुष्य दोघांचंही मोठं. तेव्हा सामन्यांची संख्या दार उघडते तेवढंच. तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. राष्ट्रीय पातळीवरच्या विश्लेषकाच्या खुर्चीसाठी एनएचएल, ऑलिंपिक किंवा त्या पातळीवरचं प्रशिक्षकपद, यांपैकी काहीतरी जवळजवळ लागतंच. कॅसी कॅम्पबेलने कॅनडाच्या कर्णधारपदावर असताना २००२ आणि २००६ ची ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'हॉकी नाइट इन कॅनडा'वर विश्लेषण करणारी पहिली स्त्री ठरली. तिच्याकडे एनएचएल नव्हती, पण ऑलिंपिक होतं.

याचा तुमच्या मुलाशी संबंध असा: ज्युनिअर 'ए' अजून दोन वर्षं खेळून विश्लेषकाची खुर्ची मिळणार नाही. त्या हिशेबाने खेळत राहण्यात अर्थ नाही. पण खेळ आवडतो म्हणून खेळावं की नाही, हा वेगळा प्रश्न आहे आणि तिथे माझं उत्तर 'जरूर खेळावं' असं आहे.

कारण त्याची खुर्ची पहिली आहे, आणि ती बिनखेळाडूंसाठी खरोखर उघडी आहे. माइक एमरिक, ज्यांच्याबरोबर ओल्चिक एनबीसीवर वर्षानुवर्षं बसला, ते व्यावसायिक हॉकी कधीच खेळले नाहीत. १९७३ मध्ये पोर्ट ह्यूरन नावाच्या छोट्या गावच्या खालच्या लीगमधल्या संघापासून त्यांनी सुरुवात केली आणि १९७६ मध्ये प्रक्षेपण या विषयात डॉक्टरेट घेतली, म्हणून सगळे त्यांना 'डॉक' म्हणतात. शिक्षण आणि खालच्या लीगमधला सराव एकाच वेळी चालू होता, हे मुद्दाम लक्षात घ्या.

नावाच्या प्रश्नाला हरनारायण सिंग हे उत्तर आहे. अल्बर्टातल्या ब्रूक्सचा शीख मुलगा. २००८ मध्ये 'हॉकी नाइट'चं पंजाबी प्रक्षेपण सुरू झालं तेव्हा तो शनिवार-रविवारी कॅलगरीहून टोरंटोला स्वतःच्या खर्चाने विमानाने यायचा. २०१६ च्या अंतिम फेरीत पिट्सबर्गच्या निक बोनिनोच्या गोलावर त्याने 'बोनिनो, बोनिनो' म्हणत केलेला गजर देशभर गाजला आणि पिट्सबर्गने पंजाबी चमूला विजयोत्सवाला बोलावलं. जानेवारी २०२१ मध्ये त्याने एनएचएलचा सामना इंग्रजीतून राष्ट्रीय प्रक्षेपणात कॉल केला. असं करणारा तो पहिला शीख. मध्ये गेलेली वर्षं बघा. वाट सोपी आहे असं मी म्हणणार नाही. पण ती आता कुणीतरी चाललेली आहे, आणि ब्रॅम्प्टनमध्ये वाढलेल्या मुलाला इंग्रजीच्या उच्चाराची अडचण यायचं कारण नाही. मराठी नाव निर्मात्याला दोनदा विचारावं लागेल, एवढंच.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. घरची आर्थिक स्थिती पहिली, कारण सुरुवातीच्या वर्षांत या कामात पैसे अत्यंत कमी असतात आणि बऱ्याचदा दुसरी नोकरी धरूनच हे करावं लागतं. फिरतीची तयारी दुसरी. एनएचएलमध्ये संघागणिक मोसमात ८० हून अधिक सामने साखळीचेच असतात, त्यातले निम्मे परगावी, शिवाय सगळा हिवाळा आणि सणवार घराबाहेर. फ्रेंच येत असेल तर कॅनडात दारं वाढतात. आवाजाची मला फारशी काळजी वाटत नाही. आवाज घडवता येतो. कुतूहल नसेल तर मात्र मी काही करू शकत नाही.

तुम्ही ब्रॅम्प्टनला आहात म्हणून एक जवळचा पर्याय सांगते. टोरंटो मेट्रोपॉलिटन विद्यापीठात स्पोर्ट मीडियाची पदवी आहे आणि विद्यापीठाचा स्वतःचा हॉकी संघही आहे. तो संघ खेळतो जुन्या मेपल लीफ गार्डन्सच्या इमारतीत, जिथल्या छताखालच्या गोंडोलातून, म्हणजे टांगत्या केबिनमधून, फॉस्टर ह्यूइट रेडिओवर सामने सांगायचा. प्रवेश मिळेल का, संघात घेतील का, हे त्याच्या गुणांवर आणि खेळावर. संघात नाही घेतलं तरी विद्यापीठाच्या सामन्यांना कॉमेंट्री करणारे विद्यार्थी लागतातच. दुसरं कुठलं कॉलेज निवडलंत तरी प्रवेशाआधी एकच गोष्ट विचारा: पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला थेट सामन्यावर माइक मिळतो का, की तिसऱ्या वर्षापर्यंत वर्गातच बसवतात?

आणि हे सगळं ठरायच्या आधी, याच हिवाळ्यात सुरू करता येईल असं काम आहे. त्याच्या स्वतःच्या संघाचे सामने तो खेळतो, पण त्याच रिंकवर धाकट्या वयोगटांचे सामने रोज होतात. फोन घेऊन वरच्या रांगेत बसावं, आधी दोन्ही संघांची नावं आणि क्रमांक एका कागदावर लिहून पाठ करावेत आणि एक पूर्ण पिरिअड, वीस मिनिटांचा असो की पंधराचा, न थांबता बोलावं. घरी आल्यावर ऐकताना तीन गोष्टी तपासाव्यात. पक कुठल्या बाजूला आहे हे डोळे मिटून कळतं का? स्कोअर किती झाला आणि वेळ किती उरली हे पुरेशा वेळा सांगितलं का? आणि तुम्ही, म्हणजे त्याची आई, ज्यांना ऑफसाइड कळत नाही असं तुम्हीच लिहिलंय, ते ऐकून सामन्यात काय झालं ते सांगू शकता का? हा तिसरा कस सगळ्यात कठीण. बचावपटू असल्यामुळे तो नकळत डावपेचांवर बोलायला लागेल. तसं झालं की त्याला थांबवा, ते दुसऱ्या खुर्चीचं काम.

एखाद्या ज्युनिअर संघाकडे किंवा स्थानिक प्रक्षेपकाकडे ध्वनिमुद्रण पाठवायची वेळ येईल तेव्हा निवडक गोलांची माळ पाठवू नये. ती सगळेच पाठवतात आणि गोलावर सगळ्यांचाच आवाज चढतो. सलग तीन मिनिटांचा, काहीच विशेष न घडलेला खेळ पाठवावा. माझ्यासमोर मुद्रण येतं तेव्हा मी तोच भाग शोधते: ०-० असताना, मधल्या पट्ट्यात पक इकडून तिकडे जात असताना, हा मुलगा नावं बरोबर घेतोय का आणि मला पुढे ऐकावंसं वाटतंय का.